थोरलीचं पान

टेपआत्याला गळ्यात टेप नसताना कुणी पाहिलं असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. सकाळी चहा पिताना टेप, बाजारात जाताना टेप, डोळे तपासायला गेली तेव्हाही टेप. एकदा एका लग्नाला गेली आणि नवऱ्यामुलाच्या आईला सांगून आली, की कोटाची डावी बाही अर्धं बोट लांब आहे. त्या घरून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. आत्याला त्याचं ना सोयर ना सुतक. बाही लांब होती तर होती, ती काय तिने शिवली होती?

अठ्ठावन्न वर्षांची, उंच, ताठ बाई. गल्लीच्या कोपऱ्यावर तळमजल्याला तिचं शिवणाचं दुकान, दुकानामागच्या खोलीत तिचा पलंग आणि गॅसची शेगडी. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती एक मुलगी. आत्याने लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, बरेच आणून दाखवले, पण नीट बसेल असा एक मिळाला नाही. ऐकणारा हसायचा आणि विषय मिटायचा.

दुकान वडिलांचं. तेही शिंपी आणि एक नंबरचे काटेकोर. माप तीनदा घ्यायचे. तिन्ही वेळा सारखं आलं तरच लिहायचे, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. गिऱ्हाईक हात वर करून करून दमून जायचं. कुलूपही तीनदा ओढून बघायचे. ही खोड पुढे आत्यात उतरली. गुडघ्यापर्यंतच्या कोटाची एक दुमड तिने एकदा अकरा वेळा उसवली होती, आणि ती दुमड आतल्या बाजूची होती, कुणाच्या बापाला दिसणार नव्हती. लोक म्हणायचे, या घराण्याचा हातच वेगळा. वडिलांची आणखी एक रीत तिने चालू ठेवली होती. माणसामागे वहीत एक पान, पानावर तारीख आणि मापं, एकाखाली एक. घरच्यांची वही वेगळी, काळ्या पुठ्ठ्याची.

आणि घराण्याचा एक कायदा होता: कपडा अंगावर लोंबता कामा नये. लोंबता कपडा म्हणजे शिंप्याची नाचक्की. माणूस जाड होवो, बारीक होवो, कपडा त्याच्या अंगाला अंगासारखाच बसला पाहिजे.

आता पुढे जे झालं ते या कायद्यापायीच झालं, म्हणून आधी सांगितलं.

भावाच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेलीच होती ना. चार पावलांसाठी पळायची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, अभ्याससुद्धा खोलीत येरझाऱ्या घालत करायची. अठरा वर्षांची, वर्गात पहिली, अक्षर छापल्यासारखं. गेल्या हिवाळ्यात ती एकदा दुकानात आली आणि म्हणाली, आत्या, स्कर्ट कमरेत जरा आत घे ना. आत्याने घेतला. महिन्याभराने पुन्हा आली. मग तीन आठवड्यांनी. मग पंधरा दिवसांनी. दर वेळी आत्याने टेप लावला, माप वहीत लिहिलं, शिवणी आत घेतल्या, बाह्या घेतल्या, खांदे घेतले, आणि पोरगी आरशासमोर उभी राहिली की स्वतःच्या कामावर खूश होऊन मान हलवली. कापड मात्र कापलं नाही. शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, म्हणजे माया, तशीच ठेवली, घरच्यांच्या कपड्याची माया कापायची नाही हीही वडिलांचीच शिकवण.

तिला दिसत नव्हतं का? दिसत होतं की! टेप काय खोटं बोलतो? पण डोळ्यांना दिसलेलं मनाला सांगायचं असतं, ते तिने सांगितलं नाही. वय आहे, धावपळ करते, अभ्यासाचा ताण आहे, असं म्हणून तिने सुईत दोरा ओवला.

मग एके दिवशी दुपारी भिंगरी कॉलेजच्या जिन्यात कोसळली. इस्पितळात परिचारिकेने तिचे कपडे बदलले आणि डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून विचारलं, ही इतकी खंगली, महिनोन्‌महिने नीट जेवत नाही, तुम्हाला कळलं कसं नाही? भावजय भिंतीला टेकली. ती एवढंच म्हणाली:

"कपडे तर तिला नीट बसायचे हो."

आत्या शेजारीच उभी होती. तिने गळ्यातला टेप काढून पिशवीत टाकला. तिला टेपाशिवाय पाहिलेलं माणूस हवं असेल तर ती भावजय.

आठवड्याने भिंगरी घरी आली, पण तात्पुरती. मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की हा खाण्याचा आजार आहे, नखरे नव्हेत. यात माणसं जातात. त्यांच्या विभागात चार-पाच महिने राहायला हवं, खाट सोमवारपर्यंत राखून ठेवता येईल. पण मुलगी अठरा पूर्ण आहे, सही तिची लागेल. आणि भिंगरी सही करायला तयार नव्हती. मला काही झालेलं नाही, हे मी माझ्या मनाने ठरवलंय, एवढंच ती म्हणायची आणि खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत चालत राहायची.

वर घरात तर नुसता वणवा पेटला होता. भावाने खापर बायकोवर फोडलं. दोन वर्षांपूर्वी जेवताना भावजय लेकीला एकदा म्हणाली होती, की पुरे आता, नवीन फ्रॉक होणार नाही तुला. झालं! तेवढं एक वाक्य भावाने धरून ठेवलं होतं. तूच म्हणालीस, तुझ्याचमुळे. भावजय उलटून एक शब्द बोलायची नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं. आत्याला भावाचा असा संताप आला की विचारू नका. पण शिवणी तिनेच आत घेतल्या होत्या, त्यामुळे जिभेची धार कुठल्या कुठे गेली होती.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावलं. भिंगरी आली नाही. लहानशी खोली, एक टेबल, चार खुर्च्या, खिडकीत पाण्याचा तांब्या. बाईंनी कोरा कागद घेतला आणि त्यावर गोल आणि चौकोन काढायला सुरुवात केली. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, नातं म्हणजे रेघ. आत्या मन लावून बघत होती, कारण तो कागद अगदी कापायच्या आधी काढतात तशा आराखड्यासारखा दिसत होता. बाईंनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला असं काही? खाणं सोडणं, सारखी काळजी, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं, उदासी?

भाऊ म्हणाला, छे, आमच्याकडे कुणालाच नाही.

आत्याने कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, थोरलीचा गोल राहिलाय.

थोरली ही त्या दोघांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी गेली. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता, त्याला सांगितलं होतं की ताप आला आणि ताई गेली, आणि त्याने ते पन्नाशीपर्यंत तसंच धरलं होतं. आत्या तेव्हा पंधराची. घरात थोरलीचं नाव निघालं की आई उठून आत जायची, म्हणून नाव निघणंच बंद झालं.

"ताप शेवटी आला," आत्या म्हणाली. "त्याआधी दोन वर्षं ती जेवत नव्हती."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. त्यांनी एक गोल काढला, त्यावर माणूस गेल्याची तिरकी रेघ मारली आणि त्याच्या आत आजाराची खूण म्हणून हलकेच पेन्सिल फिरवली. मग दुसऱ्या गोलात, भिंगरीच्या. मग वडिलांच्या चौकोनाकडे वळून विचारलं, हे कसे होते? आत्याने तीनदा माप आणि तीनदा कुलूप सांगितलं. बाईंनी त्या चौकोनात एक बारीक टिंब काढलं. आणि तुम्ही? आत्याने अकरा वेळा उसवलेली दुमड सांगितली. तिच्याही गोलात एक टिंब आलं. भाऊ खालमानेने म्हणाला, गॅस बंद केलाय का ते बघायला मी रोज जिन्यातून दोनदा परत येतो. त्याच्याही चौकोनात एक टिंब. आत्याने त्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. ज्याला जग या घराण्याचा हात म्हणत होतं, ते त्या गोलांच्या आणि चौकोनांच्या आत कुठेतरी वाहत होतं.

बाईंनी समजावून सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत. हा आजार घराण्यातून उतरू शकतो, जशी उंची उतरते. पण त्याचं एकच एक जनुक नसतं. शेकडो जागा असतात आणि प्रत्येकीचा वाटा कणभर. त्यातल्या काही काळजीच्या आणि सारखं तपासण्याच्या आजारांशी सामाईक आहेत. काही तर मनाच्या नाहीतच, शरीर अन्न कसं वापरतं त्याच्याशी त्यांचा संबंध दिसतो. म्हणजे उपाशीपोटी तुम्हाआम्हाला जो जीव नकोसा होतो, तसं तिला कदाचित होत नसेल, उलट शांत वाटत असेल. अजून सगळं कळलेलं नाही, हेही त्या म्हणाल्या. घराण्यात आहे म्हणून सगळ्यांना होतंच असं नाही. नुसत्या रक्ताने होतं असंही नाही, भोवतालचंही बरंच काही लागतं. आणि झालं म्हणजे बरं होत नाही असं तर मुळीच नाही.

आत्याने विचार केला आणि तिला कळलं ते असं: कोटात हजार टाके असतात. त्यातला एक दाखवून कुणी म्हणेल का, की हा बघा कोट?

मग भावजयीने आठवड्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं. मी तिला जेवताना बोलले होते, त्याने झालं का, असं तिने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"तसं वाक्य जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी बोललेलं असतं. नसतं बोललं तर बरं, हे खरं. पण तेवढ्याने हा आजार होत नाही. तुम्ही तिला आजारी पाडलेलं नाही."

भावजय रडली. आवाज न करता रडणारी बाई ती, पण त्या दिवशी मोठ्याने रडली. भावाने तिच्याकडे पाहिलं, खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, मग पुढे होऊन स्वतःच्या बाहीने तिचं तोंड पुसलं. आत्याला एरवी असलं काही दिसलं की ती दुसरीकडे बघायची. त्या दिवशी बघत राहिली.

निघताना बाई म्हणाल्या, आमचं एक संशोधन चालू आहे, देशोदेशीच्या हजारो घरांतून नमुने गोळा करतात, तुमची हरकत नसेल तर तुम्हीही द्या. रक्त द्यायला आत्या तयारच होती, बाही वर करून बसली. तर तिच्या हातात एक नळी दिली आणि सांगितलं, यात थुंका. या रेघेपर्यंत. आत्याने आयुष्यभर दोरा ओवताना थुंकी लावली होती, दिवसाला शंभरदा, पण नेमकं त्या क्षणी तोंडाला कोरड पडली. वीस मिनिटं ती नळी धरून बसली होती. परिचारिकेने सांगितलं, लिंबू आठवा. आत्या म्हणाली, आठवतंय, पण थुंकी यायला वेळ नको का! शेवटी एकदाची रेघ गाठली. नळी तिने उजेडात धरून पाहिली. पाण्यासारखं काहीतरी, वर फेस. यात वडिलांचं तीनदा ओढलेलं कुलूप आहे, यात थोरली आहे, यात भिंगरीचे पाय आहेत. आणि अशा हजारो नळ्या, हजारो अनोळखी माणसं कुठल्या कुठल्या खोल्यांत लिंबू आठवत बसलेली, कशासाठी, तर कुणाच्या तरी पोरीसाठी. आत्याला देवळात गेल्यावर कधी वाटलं नव्हतं तसं काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दुकान अर्धं लावून घेतलं आणि काळी वही काढली. थोरलीचं पान तिने त्रेचाळीस वर्षांत उघडलं नव्हतं. आधी वडिलांचं अक्षर, वर्षातून एक तारीख. मग मध्येच अक्षर बदललं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीचं गोल गोल अक्षर. तिचं स्वतःचं.

तिने शेजारी भिंगरीचं पान उघडलं आणि नुसत्या तारखांवरून बोट खाली नेलं. वर्ष, वर्ष, वर्ष, मग सहा महिने, मग महिना, तीन आठवडे, पंधरा दिवस. दोन्ही पानांवर सारखंच. एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोघी मुली, एक गेल्यावर पंचवीस वर्षांनी दुसरी जन्मली, आणि पायऱ्या त्याच. तेच वय, तोच हिवाळा. आत्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितलं. तीनदा बघितलं. मग तिचा बांध फुटला आणि ती एकटीच शिवणयंत्रावर डोकं टेकून रडली.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावली होती: आकडे तिच्यासमोर बोलू नका, ती आकड्याशी शर्यत लावते. म्हणून आत्याने दोन्ही पानांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून मापं झाकली. तारखा तेवढ्या उघड्या ठेवल्या. रविवारी सकाळी वही काखेत मारून ती वर गेली.

भिंगरी येरझाऱ्या घालत होती. आत्याने तिला थांब म्हटलं नाही. तीही तिच्याबरोबर चालू लागली, खिडकी ते दार, दार ते खिडकी, आणि चालता चालता थोरलीची गोष्ट सांगू लागली. ती कशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. तिचं अक्षर कसं होतं. एके दिवशी दुपारी दुकानात येऊन ती म्हणाली, कमरेत जरा आत घे ना, आणि वडिलांना सांगू नकोस.

"मी घेतलं," आत्या म्हणाली. "सात वेळा. मला वाटायचं, माझा हात किती छान बसलाय. तिचा कपडा एकदाही लोंबला नाही, म्हणून कुणाला काही दिसलंच नाही. तुझंही मी तेच केलं. चूक माझी आहे, तुझ्या आईची नाही."

भिंगरी चालतच होती. तिने विचारलं, ती काय म्हणायची? जेवायला बोलावलं की काय म्हणायची?

आत्याने आठवून सांगितलं. मला काही झालेलं नाही, हे मी माझ्या मनाने ठरवलंय, मला आतून हलकं वाटतं.

भिंगरी थांबली. आठवडाभरात पहिल्यांदा ती खोलीच्या मधोमध नुसती उभी राहिली. हलकं वाटतं, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. आईजवळ नाही, डॉक्टरांजवळ नाही. ते तिचं एकटीचं होतं, जपून ठेवलेलं.

"ते तर माझं आहे," ती म्हणाली. "तिला कसं माहीत?"

आत्याने काखेतली वही काढली. तिने पलंगावर वही उघडून ठेवली. भिंगरी वाकली, आधी पट्ट्यांकडे बघितलं, मग तारखांकडे. दोन्ही पानांवरून तिचं बोट खाली गेलं, जसं आत्याचं गेलं होतं. थोरलीच्या पानावर शेवटच्या हिवाळ्यातल्या सात तारखा होत्या. त्याखाली अर्धं पान कोरं.

"माझ्या चारच आहेत," भिंगरी म्हणाली.

"हो. म्हणून आज आलेय."

दोघी पलंगाच्या कडेला बसल्या. भिंगरीचे पाय बसल्या जागी हलत होते. मग तिने विचारलं, तिला भीती वाटत होती का? आत्या म्हणाली, मी कधी विचारलंच नाही बाळा, तुला वाटते का? भिंगरीने होय म्हणून मान हलवली आणि आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या डोक्याला वजन म्हणून नव्हतं. सोमवारी सकाळी तिने सही केली, छापल्यासारख्या अक्षरात. सही करताना रडत होती, पण केली.

ते पाच महिने काही सरळ गेले नाहीत. दोनदा तिने ताट भिरकावलं. एकदा सहीचा कागद फाडून घरी निघून आली आणि बापाने दारातूनच टॅक्सी करून परत नेली. आई रोज दुपारी तिच्या ताटासमोर आपलं ताट घेऊन बसायची, एकेका घासाला तास लागायचा. भावाने बायकोला दोष देणं सोडलं ते सोडलंच. डॉक्टरीणबाई म्हणत, वेळ लागेल, मागेपुढे होईल, पण ही लढतेय.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती स्कर्ट घेऊन दुकानात उतरली. होत नव्हता तो. एखाद्याच्या मरणाची बातमी सांगावी तसा तिचा चेहरा होता. आत्याने तो तिच्या हातातून घेतला. स्कर्ट उलटा केला आणि शिवणी उसवायला घेतल्या, एक, दोन, तीन, चार. आतलं कापड तसंच होतं, नव्या रंगाचं, कारण त्याला ऊन लागलंच नव्हतं.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा भिंगरीने डोळे मिटले. आत्याने टेप घेतलाच नाही. खणातून एक साधी पांढरी फीत काढली, आकडे नसलेली, तिच्या कमरेभोवती धरली, बोट ठेवलं तिथे कात्री लावली. तीनदा नाही, एकदाच. मग काळी वही उघडली, भिंगरीच्या पानावर चौथ्या तारखेखाली त्या दिवसाची तारीख लिहिली आणि आकड्याच्या जागी ती फीत दुमडून टाचणीने लावून टाकली.

भिंगरीने डोळे उघडले नव्हते.

"थोरलीपेक्षा पुढे आहे का मी?" तिने विचारलं.

आत्याने शेजारचं पान पाहिलं, सातव्या तारखेखालची कोरी जागा पाहिली, जिथे उसवून सैल केल्याची एकही तारीख नव्हती.

"पुढे आहेस," ती म्हणाली. "हात खाली घे आता, झालं."